अर्ध्या कानाचं संगीत

मंगल कार्यालयात सनई कुणी ऐकतं का? दारावरच्या स्पीकरमधून ती सकाळपासून वाजत असते. वरमाय मानपानाच्या यादीत गुंतलेली, आचारी भाताच्या पातेल्यात, पोरं खुर्च्यांच्या रांगांतून पळतायत, आणि सनई आपली कधी तोडीत, कधी सारंगात. मधेच वीज जाते आणि सनई थांबते. त्या क्षणी निम्मं कार्यालय मान वर करून बघतं. काहीतरी थांबलं एवढं सगळ्यांना कळतं. काय वाजत होतं, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

ज्या संगीताचा मागोवा इथे घ्यायचा आहे, त्याचा सगळा डाव याच एका गोष्टीवर मांडलेला आहे. हॉटेलच्या लॉबीत, विमानतळावर, कॉफीच्या दुकानात, पार्ल्याच्या सलूनमध्ये नाहीतर कळंगुटच्या शॅकमध्ये ते वाजत असतं. संथ ठेका, खाली घुमणारा बास, घंटेसारखा किणकिणणारा पियानो, मधूनच ट्रम्पेटची एखादी ओळ आणि कुठल्याशा जुन्या ब्लूज गायिकेचा पुन्हा पुन्हा येणारा तुटका आवाज. याला म्हणतात लाउंज. आपल्याकडे गाण्याला नाव पडतं ते रागावरून, तालावरून, देवावरून किंवा प्रसंगावरून. याला नाव पडलं खोलीवरून. लाउंज म्हणजे पाहुण्यांनी सैलावून बसायची जागा, आपला दिवाणखाना.

खोलीवरून नाव पडलेला एक प्रकार आपल्यालाही ठाऊक आहे: बैठकीची लावणी. पण तिथे समोर बसलेल्याचं लक्ष हाच गाण्याचा प्राण. एकाच ओळीवर दहा तऱ्हांनी अदा होते ती बघणाऱ्यासाठी, आणि त्यानं दाद दिली नाही तर बैठक रंगत नाही. लाउंजमध्ये दाद कुणी मागतच नाही. ऐकणाऱ्याला ऐकण्याच्या जबाबदारीतून सोडवणारं हे संगीत आलं कुठून, हे बघायचं तर एकेका खोलीचं दार उघडत जावं लागतं.

पहिली खोली पॅरिसमधली. तारीख 8 मार्च 1920, जागा बार्बाझांज ही कलादालनाची इमारत. माक्स जाकोबच्या नाटकाचं मध्यंतर झालं आणि कोपऱ्याकोपऱ्यांत बसवलेले वादक वाजवू लागले. संगीतकार होता एरिक साती, जोडीला दारियूस मियो. या प्रकाराला सातीनं नाव दिलं होतं ‘फर्निचर संगीत’. खुर्ची जशी आपण बघत बसत नाही, तिच्यावर बसतो, तसं हे संगीत. प्रेक्षकांना आधीच बजावलं होतं की याच्याकडे लक्ष देऊ नका, गप्पा मारा, फिरा, खा-प्या. पण पॅरिसचे रसिकच ते. सूर कानावर पडताच सगळे लगबगीनं आपापल्या खुर्च्यांवर परतले आणि गप्प बसून ऐकू लागले. साती बिचारा दालनभर धावत होता आणि ‘बोला, बोला, ऐकू नका’ असं लोकांना विनवत होता. कुणी बोललं नाही.

हा विक्षिप्तपणा सातीला कुठून सुचला, त्याचं उत्तर त्याच्या पोटापाण्यात आहे. तरुणपणी त्यानं मोंमार्त्रच्या कॅबरेंमध्ये पियानो वाजवून दिवस काढले होते. ग्लासांच्या खणखणाटात, कुणी ऐकत नसताना वाजवणं म्हणजे काय, ते त्याला बोटांच्या टोकांपर्यंत माहीत होतं. आणखी एक गोष्ट इथेच टिपून ठेवायला हवी. त्या दिवशीच्या दोन तुकड्यांपैकी एकाचं नाव होतं ‘दिवाणखाना’, आणि दोन्ही तुकडे त्यानं दुसऱ्यांच्या प्रसिद्ध रचनांतून, आंब्रवाझ तोमाच्या आणि सें-साँसच्या, उचलले होते. उचललेली ओळ तो तशीच पुन्हा पुन्हा वाजवून घेत होता. सत्तर वर्षांनी हेच काम यंत्र करू लागलं.

सातीची थट्टा अमेरिकेत धंदा झाली. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या संदेशवहन खात्याचे प्रमुख असलेले जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी विजेच्या तारांवरून घराघरांत संगीत पोचवण्याची कल्पना काढली. 1934 मध्ये त्यांच्या कंपनीला नवं नाव मिळालं. ‘कोडॅक’ हा शब्द त्यांना फार आवडायचा. म्युझिक आणि कोडॅक जोडून झालं ‘म्युझॅक’. घरांपेक्षा ते हॉटेलांत, कचेऱ्यांत आणि कारखान्यांत जास्त चाललं. पुढे कंपनीनं त्याचं शास्त्रच बनवलं: पंधरा मिनिटांच्या तुकड्यात गाणी हळूहळू चढत्या उत्साहाची लावायची, मग तेवढीच शांतता, म्हणजे कामगार पेंगत नाही. गाण्यातला गळा काढून टाकायचा, कारण शब्द आले की लक्ष जातं. ‘लिफ्टमधलं संगीत’ ही शिवी याच घराण्याची. लाउंजवाले या आजोबांचं नाव सहसा घेत नाहीत.

पण नुसत्या म्युझॅकमधून लाउंज निपजलं नसतं. त्यासाठी आवाज खाली यावा लागला आणि तबकडी लांबावी लागली. आपल्या संगीत नाटकांत नटाला मायक्रोफोनशिवाय पिटातल्या शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोचावं लागे. गळा तयार व्हायचा तो त्या अंतरासाठी. 1925 पासून मायक्रोफोननं ध्वनिमुद्रण होऊ लागलं आणि हे अंतर मिटलं. बिंग क्रॉस्बीसारखा गायक आता कानाशी बोलल्यासारखं गाऊ शकत होता. मग 1948 मध्ये एलपी आली. जुनी 78 फेऱ्यांची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. दर वेळी उठून सुई ठेवायची म्हणजे संगीताकडे लक्ष देणं आलंच. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं चालते. सुई ठेवा, पेला भरा, गप्पांना बसा. पार्श्वसंगीत घरात शिरलं ते या वीस मिनिटांच्या फटीतून. 1952 मध्ये जॅकी ग्लीसन या विनोदी नटानं ‘फक्त प्रेमिकांसाठी’ अशा अर्थाच्या नावाची एलपी काढली. त्याला स्वतःला स्वरलिपी वाचता येत नव्हती. पण सिनेमात नायक-नायिका जवळ आले की मागे व्हायोलिनं वाजतात, तशी ती घरातल्या माणसालाही मिळायला हवीत, एवढं त्याला कळलं होतं. ती तबकडी तुफान खपली.

‘लाउंज’ हा शब्द गाण्याला चिकटला तो मुख्यतः लास वेगासमध्ये. तिथल्या कॅसिनोंत मोठ्या रंगमंचाला तिकीट असे. जुगाराच्या टेबलांलगतच्या छोट्या बारमधला कार्यक्रम मात्र जवळपास फुकट आणि पहाटेपर्यंत चालणारा. जुगाऱ्यानं उठून झोपायला जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. 1954 च्या अखेरीस लुई प्रीमा आणि कीली स्मिथ यांनी सहारा हॉटेलच्या अशाच बारमध्ये उभं राहून रात्री गाजवल्या. याच गावाची दुसरी बाजू अशी की नॅट किंग कोलसारखे कृष्णवर्णीय कलावंत हॉटेलात गायचे आणि कार्यक्रम संपला की गावाच्या पश्चिमेकडच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत झोपायला जायचे. गायलं त्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. दिवाणखान्यातल्या मऊ सुरांना ही किनार पहिल्यापासून आहे.

आता बेडकांची गोष्ट. 1950 च्या दशकाच्या मध्यात पियानोवादक मार्टिन डेनी होनोलुलूच्या शेल बारमध्ये आपल्या चौघांच्या संचासह वाजवत असे. बार उघड्यावर होता आणि वादकांच्या शेजारी एक छोटं तळं. एका रात्री डेनीच्या लक्षात आलं की आपण वाजवायला लागलो की तळ्यातले मोठे बेडूक डरांव-डरांव करतात आणि आपण थांबलो की तेही थांबतात. गंमत म्हणून वादकांनी पक्ष्यांचे आवाज काढायला सुरुवात केली. त्यात ऑगी कोलोन वस्ताद होता. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं, ते पक्षी आणि बेडूकवालं गाणं वाजवा ना. डेनीनं मग बेडकाचं काम खाचांच्या लाकडी वाद्यावर काडी घासून भागवलं आणि लेस बॅक्स्टरची ‘क्वाएट व्हिलेज’ ही धून अशी पक्ष्या-बेडकांसकट बसवली. 1957 मध्ये ‘एक्झॉटिका’ ही एलपी आली. 1959 मध्ये ती अमेरिकेच्या याद्यांत पहिल्या क्रमांकावर होती.

त्या यशाचं कारण संगीताइतकंच काळातही होतं. लाखो अमेरिकी तरुण पॅसिफिकमधलं युद्ध संपवून परतले होते, त्यांना उपनगरांत घरं मिळाली होती, घरात नवा स्टीरिओ आला होता. 1959 मध्येच हवाई अमेरिकेचं राज्य झालं. ज्या बेटांवर त्यांनी चिखल आणि मरण पाहिलं होतं, ती बेटं आता दिवाणखान्यात व्हायब्राफोनच्या सुरांत, नारळाच्या झावळ्या हलवत यायला लागली. एक्झॉटिकातलं जंगल कुठल्याच नकाशावर नव्हतं. लाउंजची ही खोड तेव्हापासूनची: दूरदेश आणायचा, पण त्यातले डास बाहेर ठेवून.

मुंबईनं हा खेळ याच्याही आधी पाहिला होता. 1935 मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला; त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे पट्टीचे वादक आले. त्यांच्याकडून जॅझ उचललं ते गोव्याच्या पोरांनी. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत ती स्वरलिपी शिकलेली होती, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवायला तयार. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर व्हाझ ‘चिक चॉकलेट’ या नावानं ट्रम्पेट वाजवू लागला आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर म्हणजे सी. रामचंद्र यांनी 1951 च्या ‘अलबेला’मध्ये या चिकला आणि त्याच्या बँडला नुसतं वाजवायला लावलं नाही, पडद्यावरही आणलं. भगवानदादांच्या त्या सुप्रसिद्ध पदन्यासामागचे झालरी शर्टातले वादक आठवा. हिंदी सिनेमाच्या क्लबमधल्या गाण्यांचा बाज, मागच्या पितळी वाद्यांची फेक, सगळं या हॉटेलच्या खोल्यांतून आलेलं आहे. हा धागा पुढे पुन्हा लागणार आहे.

पुढची खोली अगदी लहान, न्हाणीघराएवढी. ब्राझीलचा जुआंव जिल्बेर्तो 1950 च्या दशकाच्या मध्यात, कामधंदा नसताना, दियामांतिना गावी बहिणीकडे राहत होता. तो तासन्‌तास न्हाणीघरात दार लावून गिटार घेऊन बसायचा, कारण तिथल्या फरशांवरून आवाज छान परतायचा आणि हळू गायलं तरी ऐकू यायचं. रस्त्यावरच्या मिरवणुकीत ढोलांवर वाजणारा सांबा त्यानं दोन बोटांच्या हालचालीत आणि कुजबुजत्या गळ्यात आणला. यातून बोसा नोव्हा जन्मलं. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत अमेरिकी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झनं जिल्बेर्तोबरोबर ध्वनिमुद्रण केलं. जिल्बेर्तोची बायको ॲस्ट्रड, जिनं तोवर व्यावसायिक गाणं गायलं नव्हतं, तिनं त्यात इंग्रजी ओळी गायल्या. 1965 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी त्याला मिळालं आणि इपानेमाच्या त्या मुलीचं गाणं जगभरच्या हॉटेलांच्या लॉबीत कायमचं मुक्कामाला आलं.

या घराण्यातल्या दोन गोष्टी तर चक्क आजारपणाच्या खाटेवर जन्मल्या. लाउंजमधला तो घंटेसारखा पियानो म्हणजे फेंडर ऱ्होड्स. हॅरल्ड ऱ्होड्स हा पियानोशिक्षक दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांना शिकवत होता. खाटेवर पडलेल्या माणसाला मांडीवर घेऊन वाजवता येईल असं वाद्य हवं, म्हणून त्यानं बाँबर विमानांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून छोटा पियानो तयार केला. पुढे त्याचीच विजेवर चालणारी आवृत्ती झाली. तिचा स्वर कडेला गोलावलेला असतो, पियानोसारखा टोचत नाही. दुसरी गोष्ट ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराची. 1975 मध्ये लंडनमध्ये टॅक्सीची धडक बसून तो अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीनं हार्पची तबकडी लावून दिली आणि ती निघून गेली. आवाज फार बारीक होता, एक स्पीकर बंद होता, बाहेर पाऊस पडत होता, आणि ईनोला उठून बटण फिरवणं शक्य नव्हतं. पावसात अर्धवट बुडालेलं ते संगीत ऐकत पडल्यापडल्या त्याला वाटलं, असंही ऐकता येतं. 1978 मध्ये त्यानं विमानतळांसाठी अल्बम केला आणि या जातीला ‘ॲम्बियंट’ म्हटलं. दुर्लक्ष करायचं तर करता यावं आणि लक्ष द्यायचं तर फळ मिळावं, अशी त्याची अट होती. म्युझॅक आणि लाउंज यांच्यातली सीमारेषा या अटीच्या दुसऱ्या भागावर आहे.

मग आला नाचाचा थकवा. 1980 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या क्लबांत मिनिटाला 120 ते 130 ठोक्यांचं हाउस संगीत रात्रभर चालायचं. शरीराला कुठेतरी टेकायला हवं होतं. 1989 मध्ये लंडनच्या ‘हेवन’ या क्लबात ॲलेक्स पॅटरसन आणि मंडळींनी एका वेगळ्या खोलीत ठेका जवळजवळ काढून टाकून संथ तबकड्या, पक्ष्यांचे आणि पाण्याचे आवाज एकमेकांत मिसळायला सुरुवात केली. अशा खोल्यांना नाव पडलं ‘चिल-आउट रूम’.

तीच गोष्ट भूमध्य समुद्रात इबिझा बेटावर उन्हातान्हात होत होती. सान आंतोनियोच्या खडकाळ किनाऱ्यावर 1980 मध्ये कॅफे देल मार उघडलं होतं. समोर पश्चिम, सूर्य थेट पाण्यात बुडतो. 1991 पासून होसे पादिया तिथे रोज संध्याकाळी तबकड्या लावायला बसायचा. त्याचं काम एवढंच की सूर्याच्या गतीनं संगीत न्यायचं. त्यात फ्लामेंकोची गिटार, जॅझ, सिनेमाचं पार्श्वसंगीत, इलेक्ट्रॉनिक, जे त्या उजेडाला शोभेल ते चाले. प्रहराप्रमाणे राग निवडणाऱ्या आपल्या गवयाला हे नवं वाटणार नाही. या मिश्रणांच्या कॅसेट तो हातानं भरून विकायचा. 1994 मध्ये पहिली सीडी निघाली आणि सुट्टी संपवून परतणारे प्रवासी सूर्यास्त खिशात घालून घरी नेऊ लागले. पॅरिसमध्ये 1996 मध्ये बुद्ध-बार उघडलं. 1999 पासून त्याच्याही सीडी निघाल्या. रेस्टॉरंटचं नाव हाच आता संगीताचा शिक्का झाला.

हे सगळं जमवून आणणारं यंत्र होतं सॅम्पलर. जुन्या तबकडीतला दोन सेकंदांचा तुकडा कापायचा, त्याची लय कमीजास्त करायची, तो गोल फिरवत ठेवायचा आणि त्यावर नवा ठेका चढवायचा. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही यंत्रं सामान्य वादकाच्या आवाक्यात आली. ब्रिस्टलमध्ये मॅसिव्ह अटॅक आणि पोर्टिसहेड, व्हिएन्नात क्रुडर आणि डॉर्फमायस्टर, वॉशिंग्टनमध्ये स्वतःच्या लाउंजच्या तळावर उभी राहिलेली थीव्हरी कॉर्पोरेशन, सगळ्यांच्या हातात हीच कात्री. नावातच ‘चोरी’ घेऊन बसलेल्या शेवटच्या मंडळींचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे.

या कात्रीचं काम जवळून बघायचं तर एकच रचना पुरे: लुदोविक नावार या फ्रेंच माणसानं ‘सेंट जर्मेन’ या नावानं 2000 मध्ये ब्लू नोट कंपनीकडून काढलेल्या ‘टूरिस्ट’ अल्बममधलं ‘रोझ रूज’. सुरुवातीला झांजेवर हलकी काडी पडत राहते. ती आली आहे डेव्ह ब्रूबेकच्या 1959 च्या ‘टेक फाइव्ह’मधून. ती मूळ रचना पाच मात्रांची, थोडी अडखळत चालणारी, म्हणूनच लक्षात राहणारी. इथे ती चारात बसवली आहे, म्हणजे पाय अडत नाही. त्यावर बास येतो, मग माणसांनी खरोखर स्टुडिओत बसून वाजवलेला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. आणि मग एका बाईचा आवाज, श्रोत्यांना एकत्र या, टाळ्या द्या म्हणणारा. तो आवाज मार्लिना शॉचा, 1973 च्या माँत्रो महोत्सवातल्या मैफलीतला. ती त्या दिवशी गात होती ‘वुमन ऑफ द गेटो’: काळ्यांच्या वस्तीतली एक बाई कायदे करणाऱ्या पुढाऱ्याला विचारते आहे की अशा जागी पोरं वाढवायची कशी, ते सांग. नावारनं या गाण्यातलं श्रोत्यांना दिलेलं आवतण ठेवलं. पुढाऱ्याला विचारलेला जाब कात्रीखाली गेला.

त्याच अल्बमात ‘शुअर थिंग’मध्ये जॉन ली हुकरचा हुंकार आणि गिटार आहे. मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाच्या घरी जन्मलेला, डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात घाम गाळलेला हा माणूस. ‘टूरिस्ट’च्या आधी एक वर्ष, 1999 मध्ये, मोबी या अमेरिकी संगीतकाराच्या ‘प्ले’ या अल्बमनं तर कळसच गाठला. अलाबामात धुणीभांडी, स्वयंपाक करून जगलेल्या व्हेरा हॉल या बाईचं संकटाचं गाणं लोकसंगीताच्या संशोधकांनी कधीकाळी मुद्रित करून ठेवलं होतं. मोबीनं ते कापून त्याखाली पियानो आणि ठेका घातला. त्या अल्बमातली एकूण एक रचना जाहिराती, चित्रपट, मालिका यांना वापरायला दिली गेली. व्हेरा हॉल 1964 मध्येच वारली होती.

तरीही हे संगीत आवडतं, हे मान्य करायला हवं, मलाही आवडतं. त्याची कारणं सुरांच्या बांधणीत आहेत. त्याची लय साधारण मिनिटाला 80 ते 110 ठोक्यांची, म्हणजे शांत बसलेल्या किंवा रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या नाडीच्या आसपासची. आपल्या भाषेत मध्यलय. जॅझकडून त्यानं सातवा आणि नववा स्वर जोडलेले कॉर्ड घेतले. या कॉर्डांना ‘सा’वर येऊन टेकायची घाई नसते, सम येते येते म्हणताना पुढे सरकते, त्यामुळे गाणं कुठूनही ऐकायला लागलं तरी चालतं आणि कुठेही सोडलं तरी अर्धवट वाटत नाही. ब्लूजकडून त्यानं गंधार आणि निषाद किंचित उतरवून लावायची सवय घेतली, म्हणून सुखातही एक हुरहूर राहते. इलेक्ट्रॉनिककडून घेतला न चुकणारा, न थकणारा ठेका. पहिल्या दोघांत अनिश्चितता आहे, तिसऱ्यात संपूर्ण भरवसा. दिवसभर लोकांशी डोकं लावून आलेल्या माणसाला संध्याकाळी नेमकं हेच प्रमाण हवं असतं: थोडी उदासी, पण घसरणार नाही अशी हमी. वर तबकडीची जुनी खरखर मुद्दाम ठेवलेली असते. ती आपल्याला आपल्या नसलेल्या आठवणी देते.

या प्रवासात आपले सूरही फिरून परत आले. 1998 मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या सत्तरच्या दशकातल्या मारधाडपटांचं संगीत कापून अमेरिकेत ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाचा अल्बम निघाला. ताजच्या नाचघरात उगवलेली, सिनेमाच्या वाद्यवृंदांत रुळलेली ती पितळी फेक पन्नास-साठ वर्षांनी पाश्चात्य बारमध्ये ‘एक्झॉटिक’ म्हणून वाजू लागली. अमेरिकेकडून आलेला जॅझ अमेरिकेनंच परदेशी समजून विकत घेतला. इंग्लंडात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला मराठी घरातला कर्श काळे मात्र दुसऱ्या टोकानं आला. 2001 च्या ‘रिअलाइझ’मध्ये तबला त्यानं स्वतः वाजवला आणि इलेक्ट्रॉनिक थर त्याच्याभोवती रचले. तिथे तबला शोभेसाठी ठेवलेला नाही. कायदा-रेल्याचं गणित जाणणाऱ्याला तिथे ऐकायला काम आहे. ईनोच्या अटीचा दुसरा भाग अशा ठिकाणी पुरा होतो.

आज ही खोली आणखी आक्रसली आहे. अभ्यासाला बसलेली मुलं कानात बोंडं घालून तासन्‌तास ‘लो-फाय’ ऐकतात: तीच ऱ्होड्सची किणकिण, तीच खरखर, तोच मंद ठेका. दिवाणखाना आता दोन कानांच्या मधे मावतो आणि यजमानही आपण, पाहुणाही आपणच. हॉटेल, बार, समुद्रकिनारा, न्हाणीघर, खाट असं करत आलेल्या या वंशाचा नियम मला एकच दिसतो. जे संगीत कधीकाळी लक्ष द्या म्हणून ओरडत होतं, त्याचा आवाज खाली करून पुढच्या पिढीनं त्याला दिवाणखान्यात बसवलं. जॅझ, सांबा, ब्लूज, हाउस, सगळ्यांची हीच गत. त्यात पाप नाही. थकल्याभागल्या माणसाला मऊ खुर्ची लागतेच. पण खुर्चीचं लाकूड कुठल्या जंगलातून आलं, हे एकदा तरी बघावं.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी कुठल्या कॉफीच्या दुकानात ‘रोझ रूज’ लागलं, तर ते खुशाल अर्ध्या कानानं ऐका, गप्पा मारा, कॉफी संपवा. मग घरी जाऊन मार्लिना शॉचं 1973 चं माँत्रोतलं गाणं शोधा आणि फोन बाजूला ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. सुमारे दहा मिनिटांचं आहे. तिनं विचारलेला प्रश्न त्यात अजून तसाच आहे.